ठोकळा, फोन आणि ताई

६ सप्टेंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच केलाय. जमिनीच्या फळ्यांचा रंग अजून ओला आहे.)

खोक्यावर 'जुन्या चपला' असं लिहिलंय, त्याने बिचकू नकोस. 'यंत्र' लिहिलं की टपालातले लोक कानाशी धरून हलवून बघतात. आत माझं हातात धरायचं जुनं जीपीएस आहे. पाण्याच्या खात्याने मला नवं दिलं, म्हणून हे मोकळं झालं. दोन वर्षं ओढ्यांची पातळी मोजत मी या डोंगरात फिरतेय, तेवढ्यात हा ठोकळा तीनदा पाण्यात पडला आणि एकदा गाढवाच्या पायाखाली आला. गाढव लंगडलं.

आता मुद्द्याचं. माझं घर पुरं झालं. छप्पर झालं, दारं झाली, चार खिडक्या झाल्या. वीज छपरावरच्या पॅनेलमधून येते आणि पाणी झऱ्यातून थेट मोरीत. उणीव एकच आहे, आणि ती तुला माहीत आहे. कचेरीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायची नोकरी सोडून मी इथे आले, तेव्हापासून आईने माझ्याशी बोलणं टाकलंय. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी तिला घराचा नकाशा आणि जागेचे अक्षांश-रेखांश पाठवले, तर तिने ते पत्र फाडलं, हे तूच मला कळवलं होतंस. 'ज्या घराला पत्ता नाही, नुसते आकडे आहेत, ते घर नव्हे,' हे तिचं वाक्यही.

डिसेंबरात बर्फाने वाट बंद होते, ती पुढच्या वसंतात उघडते. त्याच्या आत आईला एकदा घेऊन ये. डोंगराच्या पायथ्याशी एक दुकान आहे, तिथपर्यंत बस येते. पुढे चार-पाच तासांची चाल. तू म्हणशील, खाली न्यायला ये. पण मी दिसले तर ती बसमधून उतरणार नाही. ती आपण होऊन आली पाहिजे, किंवा निदान 'याच्यामुळे यावं लागलं' असं तिला म्हणता आलं पाहिजे. ते 'याच्यामुळे' म्हणजे तू.

दुकानाच्या पुढे फोनला रेंज नाही, म्हणून ठोकळा. माझं घर त्यात आधीच साठवून ठेवलंय. बाण दाखवेल तिकडे या.

तुझी,
खारू


१७ सप्टेंबर

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद, आणि रंग वाळला असेल तर एक जादा.

चपला पोचल्या. 'दिङ्मूढ' हा शब्द शिकवताना मी इतकी वर्षं वर्गात स्वतःचंच उदाहरण देत आलोय. आता ते उदाहरण माझ्याकडून काढून घेतलं जाणार, याचं थोडं वाईट वाटलं. पण सराव चालू केलाय. रोज सकाळी दूध आणायला ठोकळा हातात धरून जातो. दूधवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, "सर, रेडिओ का?" म्हटलं, "नाही, उपग्रहांशी बोलतोय." तेव्हापासून तो पिशवी लांबूनच देतो.

आमच्या शास्त्रात खरं काय ते कळण्याची साधनं सांगितली आहेत: डोळ्यांनी दिसणं, तर्काने कळणं आणि जाणत्याने सांगणं. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. ठोकळा कुठल्या खात्यात घालावा याचा मी पुष्कळ विचार केला. तो न दिसणारी गोष्ट सांगतो, कारण देत नाही, आणि उलट विचारलं की गप्प बसतो. म्हणजे शब्दप्रमाण. थोडक्यात, तुझ्या आईसारखा.

काल तिच्या शिवणवर्गात जाऊन आलो. कापायच्या टेबलावर वाकलेली, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असताना ताईशी बोलावं, उत्तर लगेच येत नाही. म्हटलं, "ताई, मी डोंगरात जातोय. खारूकडे."

एकेक करून टाचण्या उशीत गेल्या. "कसा जाणार?"

"यंत्राने." ठोकळा दाखवला.

"हे? हे तर कुणाच्या तरी गॅरेजच्या दाराचं दिसतंय."

"उपग्रहांवर चालतं."

"तू जिन्यात चुकतोस. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कुलपाला आपली किल्ली लावत बसला होतास. त्या बाईंनी आतून दार उघडून तुला पाणी दिलं."

हे खरं आहे, आणि पाणी थंड होतं. म्हटलं, "मग तू चल बरोबर."

"मी कशाला? मला कुणी बोलावलंय?" तिने कापडावर खडूने एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा तिथेच ओढली. मग म्हणाली, "तुला सांभाळायला यावं लागणार, दुसरं काय. आणि ते खेळणं घरी ठेव. माझ्या फोनमध्ये सगळं आहे."

म्हटलं, तिथे रेंज नाही, म्हणजे फोन तिथे नुसता आरसा. ती म्हणाली, तुला फोनमधलं काय कळतं. तर हा पूर्वपक्ष आणि हा उत्तरपक्ष. निवाडा तू दे, आणि तो माझ्या बाजूने असला तर जरा मोठ्या अक्षरात लिही.

तुझा,
मामा


२८ सप्टेंबर

प्रिय मामा,

'तुला सांभाळायला यावं लागणार, दुसरं काय.' हे वाक्य वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं, ओढ्यापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा वाचलं. ती येतेय.

निवाडा छोट्या अक्षरात देते: आईचं बरोबर आहे. आपण कुठे आहोत हे फोनलाही त्याच उपग्रहांकडून कळतं, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाला. म्हणून या भागाचा नकाशा घरी असतानाच फोनमध्ये उतरवून घ्यायचा. मग फोन इथे आरसा नाही. स्क्रीन मोठी, नकाशा स्वच्छ, बोटाने सरकवला की पुढची दरी दिसते.

आता तुझी बाजू. थंडीत फोनचा चार्ज बघता बघता उतरतो. ओल्या बोटांना तो दाद देत नाही, आणि दगडावर पडला तर संपलं. ठोकळ्याची स्क्रीन बिस्किटाएवढी आहे आणि त्यात एक नाव लिहायचं तर तेवढ्यात चहा थंड होतो. पण दोन सेलवर तो दिवसभर सहज चालतो, सेल संपले तर खिशातले नवे घालायचे, हातमोजे घालूनही बटणं दाबता येतात, आणि गाढवाचं सांगितलंच. मी स्वतः दोन्ही नेते. पुढचा मुलूख फोनवर बघते आणि ठोकळ्याच्या बाणाने चालते. तेव्हा भांडू नका, दोन्ही आणा.

आईला सांग: फोन फ्लाइट मोडवर टाक, कोटाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेव, लागेल तेव्हाच काढ. तुला सांगते: जादा सेल घे. आणि एकच गोष्ट पक्की लक्षात ठेव. थांबू नकोस. चालत राहिलास तरच बाण खरी दिशा दाखवतो.

तुझी,
खारू


११ ऑक्टोबर

चि. खारूस,

निवाडा पोचला. न्यायाधीश लाच खात नाही हे बघून आनंद झाला, दुःखही झालं. ताईला मी पत्राचा उत्तरार्ध वाचून दाखवला, पूर्वार्ध तिने माझ्या हातातून ओढून स्वतः वाचला. नंतर दिवसभर ती गाणं गुणगुणत होती. तिला गाण्याचं अंग नाही हे तू जाणतेसच.

तिला म्हटलं, "नकाशा उतरवून घ्यायचाय म्हणे, घरीच." ती म्हणाली, "ते झालंय माझं." मी म्हटलं, "कधी?" तर म्हणाली, "तुझ्या चहात साखर किती?" अठ्ठेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिने मला पहिल्यांदाच विचारला. असो.

फोनला तिने प्रवासासाठी नवं कव्हर घेतलंय. पुस्तकासारखं उघडतं आणि जवळ नेलं की टप् करून आपोआप मिटतं, आत कुणी ओढायला बसल्यासारखं. येईल त्याला ती चार वेळा मिटवून दाखवते. तिची पाठीवरची पिशवी मी उचलून बघितली आणि पुन्हा खाली ठेवली. म्हटलं, "यात काय भरलंयस, इस्त्री?" म्हणाली, "तू तुझे सेल सांभाळ."

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. चालत राहिलास तरच बाण खरी दिशा दाखवतो. मुली, इतकं नेटकं वाक्य तुझ्या हातून उतरेल असं तुझे शाळेतले निबंध वाचून वाटलं नव्हतं. मी ते वर्गात फळ्यावर लिहिलं आणि त्यावर एक तास बोललो: प्रयत्न, दैव, पुरुषार्थ, सगळं आलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

आम्ही तेवीसच्या बसने निघतो आणि चोवीसला सकाळी दुकानापासून चढायला लागतो. तुझं उत्तर इथे पोचेपर्यंत आम्ही वाटेत असू, तेव्हा उत्तर लिहू नकोस. चहाचं आधण ठेव.

तुझा,
मामा


६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तू परीक्षांचं निमित्त करून दोन दिवसांत पळालास आणि मला काही विचारताच आलं नाही. तू असताना आई सारखी कान टवकारून बसलेली. आता ती ओढ्यावर गेलीय, म्हणून घाईत लिहितेय.

धुक्यात नक्की काय झालं? मी दुपारपासून खालच्या वाटेला डोळे लावून उंबऱ्यात बसले होते, आणि तुम्ही उतरलात घराच्या पाठीमागून, वरच्या कड्याकडून. तिथून कुणीच येत नाही, बकऱ्यासुद्धा. पुढे आई, मागे तू, दोघंही हसून हसून वाकलेले, आणि आईच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात त्याचं कव्हर. मला वाटलं होतं, ती दारात आली की मी रडेन, किंवा ती रडेल. तिने माझ्याकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि दोन वर्षांतलं पहिलं वाक्य बोलली: "खिडक्या अशा उघड्या टाकून बसलीस, बाहेरून सगळं दिसतंय."

मी म्हटलं, "बाहेर आहे कोण बघायला?"

"आम्ही आलो ना," ती म्हणाली.

त्या इस्त्रीच्या पिशवीत पडदे होते, मामा. तू तेव्हा दमून घोरत होतास. चारही खिडक्यांचे पडदे, अस्तर लावलेले, वरच्या काठाला कड्या शिवलेल्या. तीन खिडक्यांना असे बसले की मी मापं दिली असती तरी इतके बसले नसते. चौथा चार बोटं अपुरा पडला. ती खिडकी मी नंतर रुंद केली, ओढा दिसावा म्हणून. आई टेप घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, दोनदा मोजलं आणि रागाने म्हणाली, "नकाशात ही एवढी नव्हती."

आता सांग, फाडलेल्या पत्रातला नकाशा तिने कुठे बघितला? मला विचारायची हिंमत होत नाही. चौथा पडदा पुरा केल्याशिवाय जाणार नाही म्हणतेय. रोज उसवते, रोज शिवते. मी दोरा ओवून देते.

तुझी,
खारू


१८ नोव्हेंबर

चि. खारूस,

परीक्षा खऱ्याच होत्या. उत्तरपत्रिका वाचून मी धुक्यातल्यापेक्षा जास्त हरवलो. आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो, क्रमाने आणि खरी.

वाट दोन मोठ्या दगडांपाशी फुटते तिथे धुकं उतरलं. स्वतःचे बूट दिसेनात. वाट चुकली की थांबावं, या नियमाप्रमाणे मी थांबलो. चष्मा पुसून घातला, ठोकळा दोन्ही हातांत धरला आणि पोथी वाचावी तसा स्थिर उभा राहून बाण बघू लागलो. बाण म्हणाला, डावीकडे. मग विचार बदलून म्हणाला, मागे. मी आणखी स्थिर झालो. तो आणखी फिरला.

ताईने फोन काढला. तिचा बाण ठाम होता, उजवीकडे, सरळ दरीत. अंतर दोन्ही यंत्रं सारखंच सांगत होती, सव्वा किलोमीटर. म्हणजे अंतराबद्दल एकमत आणि दिशेबद्दल मतभेद. मी आजवर ज्या विद्वानांच्या सभांना बसलो त्या सगळ्यांची हीच कथा.

"तुझं खेळणं दारू प्यायलंय," ताई म्हणाली.

"तुझा फोन आपल्याला दरीत घालतोय."

"मग तुझं काय म्हणणं?"

"थांब, विचार करतोय."

"तू उभा राहा. तुझं भाष्य होऊ दे. मला थंडी वाजतेय, मी चालले." आणि ती निघाली. दरीकडे नव्हे, माझ्या बाणाकडेही नव्हे, वर, जिकडे तिचा राग गेला तिकडे. धुक्यात ताई हरवली तर तुला काय तोंड दाखवू, म्हणून मी ठोकळा तसाच हातात धरून मागे धावलो. वीसेक पावलं गेलो असेन. बाण थरथरला, वळला आणि एका जागी बसला, दगडासारखा. ओरडलो, "ताई, थांब, सापडलं." आम्ही थांबलो. बाण पुन्हा भरकटला. चाललो, बसला. थांबलो, भरकटला.

तेव्हा तुझं वाक्य आठवलं. मुली, तू मला यंत्र वापरायची सूचना लिहिली होतीस आणि मी तिचं सुभाषित करून फळ्यावर लिहिलं होतं. माणूस चालतो तेव्हाच त्या बिचाऱ्या ठोकळ्याला दिशा कळते. उभ्या माणसाला तो काय सांगणार, त्याच्या दृष्टीने आपण नुसतं एक टिंब. एक तासभर मी पुरुषार्थावर बोललो, खारू. त्या मुलांची मला माफी मागायची आहे, पण त्यातल्या निम्म्यांनी ते उत्तरपत्रिकेत लिहिलंय आणि मला गुण द्यावे लागले.

ताईला हे सांगितलं तर ती एका दगडावर बसून हसायला लागली. हसताना तिच्या कोटाच्या कॉलरला लावलेली टाचणी सुटली (ती टाचण्यांशिवाय कुठे जाते), आणि खाली न पडता फोनच्या कव्हरला जाऊन चिकटली. ताईचं हसणं थांबलं. तिने टाचणी ओढून काढली, पुन्हा जवळ नेली, ती पुन्हा चिकटली. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर चुंबक आहे. फरशीवरच्या टाचण्या गोळा करायला वर्गात ठेवते ना मी, तसलं." कव्हर टप् करून मिटतं ते त्याच्यामुळे, आणि फोनमधलं होकायंत्र त्याच्याच नादाला लागलेलं. म्हणजे तिचा फोनही शुद्धीवर नव्हता. मग काय, दोघंही हसत सुटलो. आम्ही तोवर एवढे वर चढलो होतो की घर खाली राहिलं. म्हणून कड्यावरून आलो. बकऱ्यांना आमचा नमस्कार सांग.

आता तुझा दुसरा प्रश्न. ताई कव्हर काढायला लागली तेव्हा फोन तिने माझ्या हातात दिला, "धर नीट" म्हणून. मी स्क्रीनकडे बघितलं. नकाशावर तुझ्या घराच्या जागी एक चांदणी होती. चांदणीखाली नाव लिहिलं होतं, 'खारू'. आणि स्क्रीनच्या तळाला एक पट्टी आली होती: हा नकाशा अकरा महिन्यांपूर्वी उतरवलेला आहे, नवा हवा का?

अकरा महिने मागे मोजून बघ. तुझं पत्र तिला मिळालं त्या आठवड्यात येऊन पोचतेस.

पत्र फाडलं हे मी तिच्या तोंडून ऐकलं होतं आणि तुला लिहिलं होतं. शब्दप्रमाण. फाडलेले तुकडे मी कधी बघितले नव्हते. शास्त्री म्हणवतो आणि एवढं विचारायचं सुचलं नाही. चांदणी मात्र मी या डोळ्यांनी पाहिली, आणि प्रत्यक्षापुढे बाकीची सगळी प्रमाणं गप्प बसतात.

मी पट्टीवरचं 'नको' दाबलं. ताईने विचारलं, "काय दाबलंस?" म्हटलं, "काही नाही. ते काहीतरी विचारत होतं."

हे तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
मामा


३० नोव्हेंबर

बाळ,

आशीर्वाद.

तुझं पत्र खारूने मला मोठ्याने वाचून दाखवलं, 'हे तिला कळू देऊ नकोस' सकट. तुम्हा दोघांना गुपित ठेवता येत नाही, लहानपणापासून हेच. चांदणीबद्दल मला काही बोलायचं नाही. फोन नवीन होता, कशावर काय दाबलं जातं कळत नव्हतं. तूही जास्त विचार करू नकोस, तू विचार केलास की तुला बाण सापडत नाही.

कामाचं लिहिते. शिवणवर्गाची किल्ली शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे आहे. मोठ्या मुली वर्ग सांभाळतील, त्यांना सांग की बाही लावताना घाई करायची नाही. माझ्या कुंड्यांना पाणी घाल, रोज नको, तू रोज घातलंस तर त्या बुडतील. आणि चहात साखर कमी कर.

पडदा अजून व्हायचाय. कापड आणखी लागणार होतं, ते परवा खालच्या दुकानातून आणलं. एकटी जाऊन आले, फोन घेऊन, कव्हराशिवाय. चुकले नाही. खारूने ठोकळाही दिला होता, तो तू इथे विसरून गेलास. चालताना धरला. बरा आहे. आता पडदा उसवलाय, पुन्हा सगळा जोडायचाय. अशी कामं घाईने होत नाहीत. वसंतापर्यंत होईल असं वाटतं. तोवर वाट बंद झाली तर झाली.

घर चांगलं आहे. जमिनीच्या फळ्या एका जागी कुरकुरतात, तिला तसं सांगितलंय. सकाळी ऊन त्या रुंद खिडकीतून येतं आणि ओढा खरोखरच दिसतो. मी चार बोटांवरून उगाच बोलले.

बर्फ पडायच्या आत एखादं पत्र टाक. पाकिटावर ते आकडे लिहीत बसू नकोस, टपालवाल्याला त्यातलं काही कळत नाही. दुकानदार परवा मला ओळखत नव्हता, मग कुणाची कोण ते सांगितलं. तर एवढंच लिही: 'खारूची आई, पायथ्याचं दुकान.' मला पोचतं.

तुझी,
ताई